हायलँडचा किल्ट आणि सह्याद्रीची लंगोटी : एका मेजवानीपर्यंतचा प्रवास

१/
२ मार्च १८८८. पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी आयोजित केली होती. पाहुणे जरीकाठी पागोट्यांत आणि दागिन्यांत आले होते. त्याच दारात एक गृहस्थ उभे राहिले : डोक्याला साधे पागोटे, अंगावर शेतकऱ्याचे जाडेभरडे कपडे, खांद्यावर घोंगडी. पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले, असे चरित्रकार सांगतात. ते गृहस्थ होते महात्मा जोतीराव फुले.

२/
ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. ज्या ड्यूकसमोर जोतीराव त्या वेषात गेले, त्या ड्यूकनेही लहानपणी राजदरबारात डोंगरी माणसाचा पोशाख घातला होता. तेव्हा त्याला कोणी दारात अडवले नव्हते. कारण तो पोशाख स्कॉटलंडच्या डोंगरातला होता, आणि त्याला तोवर राजमान्यता मिळाली होती.

३/
आजच्या धाग्यात दोन डोंगरी पोशाखांची गोष्ट पाहू. एक स्कॉटलंडच्या हायलँडचा किल्ट. दुसरा जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेकडील महादेव कोळी आणि कुणबी माणसाचा : लंगोटी किंवा गुडघाभर धोतर, आणि त्यावर घोंगडी. दोन्हींकडे पाहून सपाटीवरची माणसे हसली. मग एकाचेच नशीब का पालटले?

४/
प्रथम किल्ट. आज दिसणारा चुणीदार, शिवलेला किल्ट हे त्याचे नंतरचे रूप. मूळ वस्त्र म्हणजे लोकरीचे एक लांबलचक, चौकटींचे कापड. त्याला चुण्या घालून ते कमरेला पट्ट्याने बांधायचे, खालचा भाग गुडघ्यापर्यंत सोडायचा आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. पावसात तेच डोक्यावर ओढून घ्यायचे, रात्री तेच अंथरायचे आणि पांघरायचे.

५/
आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून घोंगडी आठवली असेल, तर ते योग्यच आहे. मावळातील माणूस पावसात घोंगडीची खोळ करतो, थंडीत ती पांघरतो, पाहुणा आला की तीच अंथरतो. पाऊस, चढण, ओली जमीन आणि मेंढीची लोकर या चार गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे माणसाची बुद्धी फार वेगळ्या दिशेला जात नाही.

६/
परंतु सखल भागातील स्कॉट आणि इंग्रज यांच्या नजरेत हायलँडचा माणूस म्हणजे रानटी आणि गुरे पळवणारा चोर. त्याचे उघडे गुडघे हा थट्टेचा विषय होता. १७४५ साली हायलँडमधील अनेक कुळांनी ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड केले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत ते चिरडले गेले, आणि थट्टेची जागा कायद्याने घेतली.

७/
१७४६ च्या त्या कायद्याने हायलँडमधील पुरुषांना व मुलांना त्यांचा पोशाख घालण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार काळे पाणी. एका कमरेच्या वस्त्रासाठी एवढी शिक्षा! बंदी उठली ती १७८२ साली, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षांनी. तोवर एक पिढी विजार घालूनच मोठी झाली होती.

८/
या कायद्यात एक पळवाट मात्र मुद्दाम ठेवलेली होती. राजाच्या सैन्यातील शिपायाला तोच पोशाख घालण्याची मुभा होती. म्हणजे हायलँडचा माणूस आपल्या शेतात किल्ट नेसला तर गुन्हेगार, आणि राजासाठी मरायला निघाला तर तोच किल्ट त्याचा गणवेश! वस्त्र तेच, अंगही तेच. फक्त मालक बदलला.

९/
सैन्यातही थट्टा संपली नाही. १८०९ साली अनेक हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेण्यात आला. कारण असे दिले गेले की या पोशाखामुळे इंग्लंडमधील तरुण भरतीला येण्यास नाखूष असतात. ४२, ७८, ७९, ९२ आणि ९३ या क्रमांकांच्या पाच पलटणींकडे मात्र तो राहिला. यांतील ७८ व्या पलटणीची गाठ महाराष्ट्राशी आधीच पडलेली होती. तिकडे पुढे येऊच.

१०/
१८२२ साली चित्र पालटले. राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सोहळा आखला आणि राजा स्वतः किल्ट घालून लोकांसमोर आला. स्थूल देह, आखूड किल्ट आणि आत मांसवर्णी घट्ट पायमोजे! व्यंगचित्रकारांनी यथेच्छ चेष्टा केली. तरीही परिणाम व्हायचा तो झालाच. चोराचे वस्त्र राजाच्या अंगावर चढले आणि पुढे साऱ्या स्कॉटलंडचे राष्ट्रीय वस्त्र झाले.

११/
याच काळात हायलँडच्या खोऱ्यांत काय चालले होते? जमीनदार आपल्या कुळांना घरांतून बाहेर काढून त्या जमिनीवर मेंढ्या सोडत होते. हजारो कुटुंबे किनाऱ्याकडे, शहरांकडे, कॅनडाकडे गेली. वस्त्राचा सन्मान वाढत गेला, आणि ज्यांचे ते वस्त्र होते त्यांच्या पायाखालची जमीन सरकत गेली. हे दोन्ही एकाच वेळी घडले, हे विसरून किल्टचा इतिहास वाचता येत नाही.

१२/
राणी व्हिक्टोरियाला हायलँडचे भारी वेड. बालमोरल येथे तिने वाडा बांधला, मुलांना किल्ट घातले. १० मार्च १८६३ रोजी युवराजाच्या विवाहात धाकटे राजपुत्र आर्थर आणि लिओपोल्ड हायलँड पोशाखात उभे होते. त्यांचा चार वर्षांचा भाचा, म्हणजे पुढचा जर्मन सम्राट दुसरा विल्यम, या मामांच्या उघड्या पायांना चावला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांतील आर्थर म्हणजेच आपला १८८८ चा ड्यूक ऑफ कॅनॉट.

१३/
आता महाराष्ट्रात येऊ. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जुन्नरच्या शेजारच्या अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली. त्यात ७८ वी हायलँड पलटण आघाडीवर होती. २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी उभ्या होत्या. असईच्या स्मरणार्थ या पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले.

१४/
१८५७ साली हीच ७८ वी पलटण इराणच्या मोहिमेवरून परत आली आणि हॅवलॉकबरोबर कानपूर-लखनौकडे गेली. पाठोपाठ ९३ वी आली. किल्टधारी गोऱ्या शिपायांना उत्तर हिंदुस्थानात ‘घागरा पलटण’ असे नाव पडले. ज्या साम्राज्याची जरब गावोगाव बसली होती, त्याचे शिपाई घागऱ्यासारखे वस्त्र नेसून येतात, हे लोकांना चमत्कारिक वाटले. हसू होते, पण ते दबक्या आवाजातले. संगिनीसमोर मोठ्याने कोण हसणार?

१५/
मराठी नजरेला तर हे वस्त्र अधिकच विचित्र वाटावे असे होते. आपल्याकडे वस्त्राची खरी विभागणी बायकी-पुरुषी अशी नव्हतीच, ती कासोट्याची होती. पुरुषाच्या धोतराला कासोटा आणि स्त्रीच्या नऊवारीलाही कासोटा. कासोटा सैल असणे म्हणजे चारित्र्य सैल असणे, असा अर्थ भाषेतच रुजलेला. पुढे गोल पातळ आले तेव्हा जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या याचमुळे. मग कासोटा नसलेला शिपाई त्या काळच्या मराठी डोळ्यांना कसा दिसला असेल, याची कल्पना करा.

१६/
आता आपला डोंगर. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, हातवीज. आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे, कोंढवळ आणि भीमाशंकराचे रान. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची उगमाकडची खोरी. पाऊस इतका की आवणीच्या दिवसांत माणूस पोटरीभर चिखलात उभा असतो. अशा खाचरात घोळदार धोतर कसे चालेल? म्हणून शेतात लंगोटी, वर घोंगडी किंवा इरले. बाजाराला, देवाला जाताना धोतर आणि पागोटे.

१७/
म्हणजे तो पोशाख अडाणीपणाचा नव्हता, तर कामातून आणि हवामानातून सिद्ध झालेला होता. परंतु सपाटीवरच्या भाषेत ‘लंगोटी लावायची वेळ येणे’ याचा अर्थ कंगाल होणे असाच राहिला. एकाचे रोजचे वस्त्र हे दुसऱ्याच्या बोलण्यात दारिद्र्याची उपमा झाले. हायलँडच्या उघड्या गुडघ्यांची जी गत, तीच इथेही.

१८/
या डोंगरातील माणसाची नोंद कोणी केली? कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने. १८३१ साली उमाजी नाईकांना पकडणारा हाच. महादेव कोळ्यांवर त्याने १८३० च्या दशकात सविस्तर वृत्तांत लिहिला. योगायोग असा की मॅकिंटॉश हे आडनाव हायलँडमधील एका जुन्या कुळाचे. एका डोंगरी कुळाचे नाव लावणारा अधिकारी दुसऱ्या डोंगरातील कुळांची माहिती टिपून घेत होता, तीही बंडे मोडण्यासाठी.

१९/
मग १८५७ चा वणवा पेटला. नगर-नाशिक भागात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले. त्यांच्याविरुद्ध डोंगरात लढू शकेल अशी फौज सरकारला हवी होती. कॅप्टन नटॉल याने महादेव कोळ्यांतून सुमारे ६०० जणांची ‘कोळी पलटण’ उभारली. जावजी नाईक बांबळे तिचे प्रमुख. तिचा गणवेश मुद्दाम लक्षात ठेवा : गडद हिरवे पागोटे, गडद हिरवा अंगरखा, पायांत वहाणा आणि कमरेला गुडघ्यापर्यंतचे गडद रक्तवर्णी वस्त्र.

२०/
गुडघ्यापर्यंतचे! म्हणजे सरकारने या माणसांना विजार चढवली नाही. डोंगर चढण्यासाठी त्यांचेच वस्त्र उत्तम आहे, हे सैन्याने मान्य केले. तंबू नाहीत, सामानाचे बैल नाहीत. प्रत्येकाचे सर्व सामान त्याच्याच पाठीवर. अवघड वाटांनी दिवसाला तीस-चाळीस मैल ते चालत. त्यांच्या चपळ, उसळत्या चालीचे वर्णन करताना ब्रिटिश गॅझेटिअरकाराला उपमा सुचली ती हायलँडच्या शिपायांची.

२१/
इथे दोन्ही डोंगर क्षणभर एका ओळीत उभे राहिले. पण क्षणभरच. मार्च १८६१ मध्ये कोळी पलटण बरखास्त झाली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा नांगराकडे वळले. हायलँडच्या पलटणींना झेंडे, पदके, चित्रे आणि वार्षिक सोहळे मिळाले. सह्याद्रीच्या त्या रक्तवर्णी वस्त्राला गॅझेटिअरमधील एक वाक्य मिळाले.

२२/
गणवेश उतरला आणि तेच वस्त्र पुन्हा संशयास्पद ठरले. आंबेगावातील जांभोरीचे होनाजी केंगले यांनी सावकारी जाचाविरुद्ध डोंगरात बंड पुकारले. १८७६ साली ते पकडले गेले. सरकारी कागदांत ते ‘होन्या’, एक दरोडेखोर. जी चाल १८५८ मध्ये कौतुकाची होती, ती आता पोलिसांची डोकेदुखी झाली होती.

२३/
याच काळात जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात सत्यशोधक चळवळ रुजली होती. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावला आणि गावच्या जोशांनी केलेला दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला. ओतूरचेच भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील हे जोतीरावांचे निकटचे सहकारी. जुन्नर भागातील कुळांनी सावकारांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला, तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

२४/
म्हणून १८८८ च्या त्या दारात जोतीराव उभे राहिले, तेव्हा त्यांच्या खांद्यावरची घोंगडी केवळ गरिबीचे प्रतीक नव्हती. तिच्यामागे जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांचा प्रत्यक्ष परिचय होता. एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : जोतीराव स्वतः कंगाल नव्हते. ते यशस्वी कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेले होते. तो त्यांचा रोजचा पोशाख नव्हता. तो त्यांनी विचारपूर्वक निवडला होता.

२५/
इथे १८२२ चा चौथा जॉर्ज आठवावा. त्यानेही न आपला पोशाख निवडून चढवला होता. दोघांनीही वेष घेतला, पण हेतू उलटे. राजाने डोंगरी माणसाचे वस्त्र घेतले आणि त्याच्या भुकेविषयी मौन पाळले. जोतीरावांनी शेतकऱ्याचे वस्त्र घेतले ते त्याच्या भुकेविषयी बोलण्यासाठीच. या मेजवानीतले रत्नजडित पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरी प्रजा खेड्यांत अर्धपोटी आहे, तिच्या शिक्षणाची काळजी घ्या, हे राणीला कळवा, अशा आशयाचे भाषण त्यांनी ड्यूकसमोर केले.

२६/
मग आपण नेहमी हसले जाणारेच होतो का? नाही. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिण भारतीयांविरुद्ध ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा रस्त्यारस्त्यावर घुमली. नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. पण निशाण धरले ते एका कमरेच्या वस्त्रावर. उडुपी हॉटेलांवर दगड पडले. कासोटा नसलेल्या वस्त्राला हसणारा समाज या वेळी आपला होता.

२७/
त्याच मुंबईत जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले येथून आलेला आपला माणूस डबे पोहोचवत होता, ओझी वाहत होता. धोतर-टोपीमुळे तोही ‘घाटी’ म्हणून हिणवला जात होता. घाटावरून आलेल्याला हसणारे शहर आणि लुंगीला हसणारा जमाव यांच्यात काही पिढ्यांचे नव्हे, काही गल्ल्यांचेच अंतर होते.

२८/
तर मूळ प्रश्नाकडे. किल्टचे नशीब पालटले आणि लंगोटी-घोंगडीचे नाही, याचे उत्तर कापडात नाही. गुडघे दोन्हीकडे उघडेच होते. एकाला सत्तेने आपल्या अंगावर चढवले, सैन्यात मिरवले, चित्रांत रंगवले. दुसऱ्याला सत्तेने तीन-चार वर्षे वापरले आणि डोंगरात परत पाठवले. मात्र किल्टला मान मिळाल्याने हायलँडच्या कुळांची जमीन वाचली नाही, हेही तितकेच खरे. नुसता वस्त्राचा सन्मान पोट भरत नाही. जोतीरावांना हे नेमके कळले होते. म्हणून त्यांनी घोंगडीसाठी सलाम मागितला नाही, शाळा मागितली.

२९/
आज आहुप्याच्या वाटेवर किंवा नाणेघाटात गेलात तर धोतर, टोपी आणि खांद्यावर घोंगडी असलेले एखादे आजोबा अजून भेटतात. त्यांचे छायाचित्र घेण्याचा मोह होतो. छायाचित्र जरूर घ्या, पण आधी दोन घटका बसा, त्यांचे नाव विचारा, या वर्षी हिरड्याला काय भाव मिळाला ते विचारा.

३०/
आणि तुमच्या घरी पणजोबांचे एखादे जुने छायाचित्र असेल, तर त्यांच्या कमरेला काय आहे ते नीट पाहा. ते वस्त्र कुठल्या बाजारातून आले, ते घालणे कधी सुटले, आणि कोणाच्या हसण्यामुळे सुटले, हे घरातल्या मोठ्यांना विचारून खाली लिहा. या प्रश्नांची उत्तरे गॅझेटिअरमध्ये मिळणार नाहीत, ती तुमच्याच घरात आहेत.

धागा समाप्त.